दाखल्यातील पोटजात आणि वर्गातील मौन

दर वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रातील शाळाशाळांत टेबलावर दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडल्या जातात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णा भाऊ साठे यांची. १९२० सालच्या त्या एकाच दिवशी मुंबईत लोकमान्यांनी देह ठेवला आणि वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णा भाऊ जन्मले. कालगणनेचा हा योगायोग शाळांनी एकाच कार्यक्रमात सोयीस्करपणे बसवून घेतला आहे. मुले पाठ केलेली भाषणे एका दमात म्हणून टाकतात, टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि तिसऱ्या तासाला गणित सुरू होते. २०२४ साली याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की अनुसूचित जाती हा एकजिनसी समूह नाही आणि राज्यांना त्या समूहात उपवर्गीकरण करण्याची मुभा आहे. याच्या नेमके उलट सांगणारा २००४ चा चिन्नय्या खटल्यातील निकाल त्यामुळे मोडीत निघाला. त्या संध्याकाळी ज्या घरांत हा निकाल साजरा झाला आणि ज्या घरांत त्याविषयी संताप व्यक्त झाला, त्या दोन्ही प्रकारच्या घरांतली मुले दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बाकावर येऊन बसली. त्यांना शाळेत कोणी काही सांगितले असेल, अशी शक्यता फार थोडी.

या मौनाचे नवल वाटावे, कारण आता हा विषय गुप्त राहिलेला नाही. न्यायालयाने त्याची चिकित्सा केली. निकालानंतर महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये चर्मकारांसाठी, १९७८ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाने आणि १९८५ मध्ये अण्णा भाऊंच्या नावाने मातंगांसाठी अशी निरनिराळी विकास महामंडळे शासनानेच काढली. २००३ मध्ये लहुजी साळवे यांच्या नावाने मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणारा आयोगही बसवला. राज्याच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. २००१ च्या जनगणनेत त्यांतील निम्म्याहून अधिक लोक महार वा नवबौद्ध होते, सुमारे पाचवा हिस्सा मांगांचा होता, आणि त्याखालोखाल चर्मकारांचा. या समूहात पुढे गेलेले आणि मागे राहिलेले आहेत, वरचे आणि खालचे आहेत, हे शासनदरबारी केव्हाच मान्य झाले आहे. मान्य झालेले नाही ते फक्त वर्गात.

आणि तरीही मुलाची पोटजात शाईने लिहून ठेवणारी संस्था शाळाच आहे! जनरल रजिस्टरात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात यांच्या पाठोपाठ पोटजातीचा रकाना असतो. मुख्याध्यापक तो वळणदार अक्षरात भरतात, खाली शिक्का मारतात, आणि पुढे आयुष्यभर हा कागद मुलाबरोबर तहसील कचेरीपासून पडताळणी समितीपर्यंत फिरतो. ज्या शब्दाची नोंद ठेवणे शाळेला आवश्यक वाटते, त्या शब्दाचा अर्थ सांगणे मात्र तिला अनावश्यक वाटते. मूल दहावी होते, त्याला प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण ठाऊक असते. पण आपल्या दाखल्यावरची ती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी निर्माण केली, हे त्याला ठाऊक नसते.

शिरूर तालुक्यातील केंदूरचा परिसर उदाहरणादाखल पाहावा. संत कान्हूराज पाठकांचे हे गाव. पहिल्या बाजीरावाने पाबळ आणि लोणी यांच्याबरोबर केंदूरही मस्तानीला दिले, म्हणून पेशवाईच्या बखरीतही त्याचे नाव घेतले जाते. शनिवारवाड्याने जिला कधी मनापासून आपली म्हटले नाही, तिच्या उदरनिर्वाहाची तजवीज या कोरडवाहू टापूत झाली. शेजारच्या हवेली तालुक्यात भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली असून, 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे महार शिपायांची, हे दर नववर्षाच्या दिवशी तिथे लोटणाऱ्या जनसमुदायाला पाठ आहे. शेजारच्या खेड तालुक्यातील पूर-कनेरसर हे नामदेव ढसाळांचे जन्मगाव. म्हणजे या भागातल्या शिक्षकाला जातीचा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुढे जे म्हटले आहे ते या एका गावाला उद्देशून अर्थातच नाही. महाराष्ट्राच्या कोणत्याही गावाचे नाव येथे घालता येईल.

परिसर अभ्यासाच्या तासाला गावाचा नकाशा काढायला सांगण्याची पद्धत जुनी आहे. मुले देऊळ काढतात, ग्रामपंचायत, ओढा, पाण्याची टाकी, एस.टी.चा थांबा काढतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून कागदोपत्री महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावे जाऊन त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे येऊ लागली. निर्णय योग्यच होता. परंतु नावाची पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही. मुलाच्या नकाशात एक नगर ओढ्याच्या अलीकडे असते, दुसरे पलीकडे. एकाची कमान निळी, दुसऱ्याची पिवळी. गावापासून दोन्ही दूर ठेवली गेली, हे शिक्षक कदाचित सांगेल. ती एकमेकांपासून दूर का, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्या एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारला, तर शिक्षक खडू ठेवून घड्याळाकडे पाहील.

कारण पाठ्यपुस्तकांतून जातीचे जे चित्र मुलाच्या मनात उभे राहते, ते दोन पक्षांचे असते. एका बाजूला स्पृश्य, दुसऱ्या बाजूला अस्पृश्य. मध्ये चवदार तळे. भिवा नावाच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे, हा प्रसंग मुलांना कळतो आणि त्यांचे डोळे पाणावतात. पुढे १९२७ साली महाडला तो मुलगा मोठा होऊन तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, संविधान लिहिले जाते, सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट होते आणि धडा संपतो. हे सारे खरे आहे, आणि शिकवले गेलेच पाहिजे. पण ज्या आंबेडकरांचे हे चरित्र, त्यांचा या विषयावरचा सर्वांत मूलगामी विचार त्यात येत नाही. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिले होते, की जातिव्यवस्थेत सगळेच गुलाम असले तरी सगळे गुलाम सारख्या दर्जाचे नसतात. प्रत्येकाच्या खाली कोणी ना कोणी ठेवलेला असतो, आणि ते खालचे स्थान आपले नाही एवढ्या समाधानावर माणूस वरच्याचा जुलूम सोसतो. विषमता दोन पक्षांतली असती तर ती केव्हाच कोसळली असती. ती पायऱ्यापायऱ्यांची आहे म्हणून टिकली. हा विचार वगळून आंबेडकर शिकवणे म्हणजे उत्तर सांगून रीत गाळणे होय.

गावगाड्याने या पायऱ्या किती काटेकोरपणे बांधल्या होत्या, ते बलुत्याच्या हिशेबात दिसते. बलुतेदारांच्या तीन ओळी असत. एका जुन्या गणनेनुसार थोरल्या ओळीत सुतार, लोहार, चांभार आणि महार. मधल्या ओळीत परीट, कुंभार, न्हावी आणि मांग. बाकीचे धाकट्या ओळीत. गावोगाव ही वाटणी थोडी बदले, पण खळ्यावर धान्य कोणाला किती आणि कोणाच्या आधी कोण, हे ठरलेले असे. महार वतनदार, सीमेचा साक्षीदार, गावचा हरकाम्या. मांगाकडे दोरखंड, केरसुण्या, हलगी. दोघेही गावकुसाबाहेर, दोघांचाही विटाळ. परंतु पेंढ्यांच्या संख्येत फरक, मानपानात फरक, आणि म्हणून पाणवठ्यातही फरक. उपाशी माणसांमध्ये भाकरीचे असमान तुकडे वाटले की त्यांचे भांडण वाटणाऱ्याशी न होता एकमेकांशी होते, हे ज्याने ही रचना केली त्याला पुरते ठाऊक असले पाहिजे. (रचना कोणा एकाने केली नाही, असे समाजशास्त्रज्ञ म्हणतील. तेही बरोबरच आहे. पण तिचा उपयोग कोणाला झाला, एवढे तरी उघड आहे.) आणि पायऱ्या तिथेही थांबत नाहीत. महार समाजात साडेबारा पोटजाती सांगितल्या जात. सोमवंशी, लाडवण, बावणे, बेले, कोसरे ही त्यांतली काही नावे. १९५६ च्या धम्मदीक्षेने माणसाला माणूस म्हणून उभे केले. तरी सोयरीक जुळवताना, विशेषतः विदर्भात, या नावांची चौकशी अजून पुरती थांबलेली नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या आत्मकथेचे नाव 'अक्करमाशी' आहे. तो शब्दही कमअस्सल ठरवल्या गेलेल्याला लावला जाणारा, पायरीचाच शब्द आहे.

मराठी वर्गात हा धडा कधीच दिला गेला नाही, असे मात्र कोणी समजू नये. तो १८५५ साली दिला गेला, आणि तो शिक्षकाने दिला नव्हता. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्राच्या दोन अंकांत छापला गेला. महाराष्ट्राने अलीकडच्या काळात या निबंधाचा गौरव पुष्कळ केला. पेशवाईतील जुलमाचे तिने केलेले वर्णन, धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नसेल तर आमचा धर्म कोणता हा तिचा रोखठोक सवाल, उघड्यावर बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांच्या वेदनेचा तिने केलेला उल्लेख, हे सर्व आता भाषणांतून वारंवार येते. एक गोष्ट तेवढी येत नाही. त्याच निबंधात मुक्ताबाईने हेही सांगून टाकले आहे, की महारांनीही वरच्यांचे अनुकरण करून स्वतःला मांगांपेक्षा श्रेष्ठ मानले आणि मांगाच्या सावलीचा विटाळ धरला.

हे वाक्य लिहिताना त्या मुलीची परिस्थिती काय होती, ते लक्षात घेतले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या त्या शाळेत महारांची आणि मांगांची मुले बरोबर शिकत होती. लहुजी वस्ताद आणि राणबा महार या दोघांनी वस्त्यांतून फिरून ती मुले गोळा करण्यास साहाय्य केले होते. म्हणजे आपल्या बाजूला बसलेल्यांच्या घरांविषयी, आपल्याला शाळेत आणणाऱ्या दोघांपैकी एकाच्या जातीविषयी, एक मुलगी सगळ्यांसमक्ष सत्य सांगत होती. तिला कोणी थांबवले नाही. जोतीरावांनी थांबवले नाही, सावित्रीबाईंनी नाही. उलट तो निबंध छापायला गेला. आणि त्याहून महत्त्वाचे असे, की हे सांगून झाल्यावर मुक्ताबाई महारांपासून वेगळी झाली नाही. निबंधाचा शेवट करताना ती महार आणि मांग अशी दोघांनाही एकाच हाकेने हाक मारते आणि दोघांच्याही दुखण्यावर ज्ञानाचे औषध सांगते. दोष उघड सांगायचा आणि नाते तोडायचे नाही, हे तिला चौदाव्या वर्षी साधले होते. तिच्या नावाने पुतळे आणि पुरस्कार स्थापन करणाऱ्यांना ते पावणेदोनशे वर्षांनंतरही साधत नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यानंतर शंभर वर्षांनी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने १९७२ मध्ये आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, तेव्हाही डोळ्यांसमोर अमेरिकेतील ब्लॅक पँथर होते. महाराष्ट्राचे हे नाते जुने आहे. पण त्या समाजाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी आली नाही. कृष्णवर्णीयांमध्येही गोरेपणाच्या छटांची उतरंड आहे. गुलामगिरीच्या काळात मालकाच्या घरात काम करणारे बहुधा उजळ, शेतात राबणारे काळे. पुढे स्वातंत्र्य आले तरी उजळ वर्णाची प्रतिष्ठा मागे राहिली. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी लहान मुलांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवून प्रश्न विचारले, तेव्हा कित्येक काळ्या मुलांनी चांगली बाहुली म्हणून गोरीकडे बोट दाखवले. १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. या अंतर्गत भेदाला इंग्रजीत 'कलरिझम' हे नाव रूढ केले ते १९८० च्या दशकात अ‍ॅलिस वॉकर या कृष्णवर्णीय लेखिकेने. टोनी मॉरिसनच्या १९७० च्या 'द ब्लूएस्ट आय' या कादंबरीतली काळी मुलगी निळ्या डोळ्यांसाठी झुरते, आणि तिला हिणवणाऱ्यांत तिच्याच समाजातली उजळ मुलगीही असते. ही कादंबरी तिथल्या शाळांत शिकवली जाते. आणि ती शाळांतून काढून टाकावी म्हणून तिथे वारंवार गदारोळही होतो. पण तो वाद तरी होतो. घरातली उणीदुणी गोऱ्यांच्या देखत का काढायची, हा प्रश्न तिथल्या कृष्णवर्णीय शिक्षकांपुढेही उभा राहतो. तो टाळून त्यांनी पुस्तक मिटून ठेवले नाही.

हाच प्रश्न येथे अधिक तीव्रतेने विचारला जाईल, आणि विचारणाऱ्याला झिडकारून चालणार नाही. ज्या वर्गात बहुसंख्य मुले सवर्ण घरांतली आहेत, त्या वर्गात दलितांमधील भेद शिकवला, तर मागच्या बाकावरून लगेच उद्गार येईल की, बघा, हेसुद्धा तेच करतात. शतकानुशतकांच्या अपराधातून सुटण्याची ही इतकी सोपी वाट आहे, की ती कोणी चालणार नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आकडेवारीही या वाटेवर बंदोबस्त ठेवायला पुरी पडते, जर ती पूर्ण सांगितली तर. २०११-१२ च्या भारत मानवी विकास सर्वेक्षणात देशातील सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण अस्पृश्यता पाळतो असे कबूल केले. अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. ब्राह्मण कुटुंबांत ते निम्म्याहून अधिक होते. अर्धा आकडा सांगणारा शिक्षक अपराध्याला साक्षीदार करतो. दोन्ही आकडे सांगणारा शिक्षक रोग कुठून झिरपत आला ते दाखवतो.

दुसरी हरकत चळवळीकडून येते. ढसाळांच्या पिढीने १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दाची व्याप्ती मुद्दाम वाढवली. त्यात अनुसूचित जाती-जमाती आल्या, नवबौद्ध आले, कामगार आले, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रियाही आल्या. त्या एका शब्दात पोटजातींच्या सगळ्या भिंती बुडवून टाकाव्यात, अशी ती थोर आकांक्षा होती. भेद पुन्हा नावानिशी शिकवणे म्हणजे त्या आकांक्षेवर पाणी सोडणे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. उपवर्गीकरणाच्या वादाने ही भीती वाढवली आहे, आणि राजकीय पक्ष फुटीचा फायदा घ्यायला टपलेले आहेत, हेही काही खोटे नाही. तथापि एकजूट ही न बोलण्यावर उभी राहत नाही. ज्या मुलाच्या आजीला ओढ्यापलीकडच्या वस्तीने पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते, त्याला 'दलित' हा शब्द सामावून घेतो असे सांगून पुरत नाही. त्याला घरी वेगळे ऐकू आलेले असते, आणि शाळा खोटे बोलते आहे असा निष्कर्ष काढण्याइतका तो शहाणा असतो. उपवर्गीकरण करावे की न करावे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्यावर मुलांना कौल द्यायला लावण्याचे शाळेला कारण नाही. पण हा वाद ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी दाखवायलाही नकार देणे, म्हणजे मुलांना मोर्च्यांच्या हवाली करणे.

खरी अवघड हरकत तिसरीच आहे, आणि ती वर्गातल्या त्या एका मुलाची आहे. गावातल्या शाळेत कोण कोणत्या वस्तीतून येते हे सर्वांना ठाऊक असते. मागासवर्गीय शिष्यवृत्तीचे अर्ज आले की नावे मोठ्याने पुकारण्याची रीत अनेक शाळांत आहे. 'ज्यांचे दाखले यायचे राहिलेत त्यांनी उभे राहा', असे म्हटले की उभे राहणाऱ्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढते. अशा ठिकाणी महार-मांग हे शब्द फळ्यावर लिहिले, तर तीस माना दोघा-तिघांकडे वळतील. शिक्षकालाही जात असते, हे त्यात आणखी. तो स्वतः पायरीवर कुठेतरी उभा असतो आणि मुले ते ओळखून असतात. म्हणून हा धडा मुलांपासून सुरू करता येत नाही. कोणाला आपल्या घरचे सांगायला लावायचे नाही, उभे करायचे नाही, उदाहरण म्हणून बोट दाखवायचे नाही. धडा कागदापासून सुरू व्हावा, आणि उतरंडीच्या वरच्या मडक्यापासून खाली यावा. कोकणस्थ आणि देशस्थ एकमेकांना काय म्हणत आणि त्यांच्या सोयरिकी कधी होऊ लागल्या, शहाण्णव कुळींचा हिशेब कशासाठी ठेवला जातो आणि त्यात कोणाला 'कमी' म्हणतात, हे आधी. वर्गातल्या बहुसंख्य मुलांना आपापल्या घरातली पायरी आधी सापडली, की मग बलुत्याच्या तीन ओळी, मग महारवाडा आणि मांगवाडा. तोवर 'हेसुद्धा' असे म्हणायला मागच्या बाकावर फारसे कोणी उरत नाही.

कायद्याचाही एक तपशील या धड्यात आला पाहिजे, कारण तो मोठ्यांनाही बहुधा माहीत नसतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसणे ही अट घातली आहे. त्या कायद्याचा हेतू पाहता ती रास्तच आहे. परंतु त्यामुळे एका अनुसूचित जातीच्या माणसाने दुसऱ्या अनुसूचित जातीच्या माणसाला पाण्यावरून हाकलले, तर तो कायदा लागू होत नाही. लागू होतो तो १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, आणि त्याच्या मुळाशी असलेला संविधानाचा सतरावा अनुच्छेद. त्या अनुच्छेदात अस्पृश्यता कोणी पाळली तर गुन्हा आणि कोणी पाळली तर माफ, असा भेद नाही. नववी-दहावीच्या मुलाला हे पाच मिनिटांत समजते.

पाठ्यपुस्तक मंडळाने नवा धडा तयार करावा, त्यासाठी समिती नेमावी, समितीने अहवाल द्यावा, असे सुचवण्याचा मोह होतो; तो आवरलेला बरा, कारण तोपर्यंत आज सहावीत असलेल्या मुलांची मुले सहावीत येतील. मुक्ताबाईचा निबंध उपलब्ध आहे. तो छापील चार-पाच पानांहून मोठा नाही, आणि जुन्या मराठीची सवय नसलेल्या वर्गातही तो मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरतो. त्याचा पहिला भाग १५ फेब्रुवारी १८५५ च्या अंकात आला होता. त्या सुमारास शाळांत स्नेहसंमेलने उरकलेली असतात आणि परीक्षा अजून महिना-दीड महिना लांब असते. फक्त वाचताना, महारही मांगाच्या सावलीचा विटाळ मानतात असे जिथे ती मुलगी म्हणते, ते वाक्य शिक्षकाने गाळू नये.